मॅडम तेसिए, एक व्यक्ती, न्याहारीसह

गाबोरियोंच्या तळघरात जगातल्या कुठल्याही बाईला प्रवेश होता. लीलच्या परिचारिका तिथे उतरल्या, हॅम्बर्गच्या दोन विधवा उतरल्या, एकदा तर कॅनडातली बायकांची गाणारी मंडळी खाली जाऊन चार कडवी म्हणून आली. जाता येत नव्हतं ते फक्त घरच्या दोघींना. सासू ह्युगेत आणि सून नादेज.

कारण जुनं आणि पक्कं होतं. घरची बाई तळघरात उतरली की वाइन आंबते. हे आंसेल्म गाबोरियोच्या आजोबांनी सांगितलं होतं, आणि आजोबांनी सांगितलेलं तपासून बघण्याची मोर्से गावात पद्धत नाही. घरात पाहुणे उतरवायला सुरुवात केली तेव्हा मात्र थोडी पंचाईत झाली. पहिल्याच आठवड्यात तीन बायका आल्या आणि म्हणाल्या, तळघराच्या फेरीचे पैसे आम्ही भरलेत. आंसेल्मने एक संध्याकाळ विचार केला आणि सकाळी जाहीर केलं की वाइनला त्रास होतो तो घरच्या, ओळखीच्या बाईचा. परकी बाई वाऱ्यासारखी, आली आणि गेली. इतक्या थोड्या वेळात इतका सोयीचा निर्णय आमच्या पाद्र्यांनाही कधी देता आलेला नाही.

मी समोरच्या घरात राहतो. जिल्ह्याच्या दैनिकाला मोर्सेच्या बातम्या पाठवतो, म्हणजे मयत, गारपीट आणि गोळ्यांच्या खेळाचे निकाल. शुक्रवारी गाबोरियोंकडे पाहुण्यांच्या पंगतीला मला बोलावतात. टेबलाशी एखादा खराखुरा गावकरी असला की पाहुण्यांना बरं वाटतं. माझं काम मान डोलावण्याचं. म्हणून पुढचं बहुतेक मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो आहे.

घर पांढऱ्या दगडाचं, पाठीशी कडा. त्याच कड्याच्या पोटात तळघर. पाहुण्यांसाठी वर तीन खोल्या. चादरी नादेज धुणार, खोल्या ती झाडणार, न्याहारी, रात्रीचं जेवण, जर्दाळूचा जॅम, सगळं तीच करणार. आणि जाताना पाहुणे भारावून म्हणणार, "मसिए आंसेल्म म्हणजे काय अस्सल माणूस!" आंसेल्म खरोखर अस्सल दिसे. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली की तो ट्रॅक्टर कंपनीची फुकट मिळालेली टोपी काढून काळी चपटी बेरे घालत असे. तळघरात तो मेणबत्ती लावून उतरे. विजेचं बटण पहिल्या पिंपाच्या मागे होतं.

नादेज लग्न होऊन आली ती एक बाग घेऊन. पेरिएर नावाचा हा दगडगोट्यांचा उतार तिच्या वडिलांचा. ते त्या एका उताराची वाइन वेगळी काढत आणि बाटलीवर ‘तेसिए’ असं स्वतःचं नाव लावत. ते गेल्यावर पेरिएरची द्राक्षं गाबोरियोंच्या मोठ्या टाकीत जाऊ लागली. टाकीत गेलेलं पुन्हा वेगळं ओळखता येत नाही. नादेजचंही थोडंफार तसंच झालं होतं, पण गावात हे कोणी बोलत नसे, कारण टाकीतली वाइन चांगली खपत होती.

त्या शरद ऋतूत पीक उदंड आलं. टाकीत जागा उरली नाही, म्हणून नादेजच्या नवऱ्याने, रेजिसने, पेरिएरचा रस नाइलाजाने तीन पिंपांत भरून तळघराच्या पार टोकाला ठेवला. हा नाइलाज त्याला कोणी सुचवला ते सांगायला नको. हिवाळाभर ती पिंपं तिथे होती. आणि आता एप्रिलात, टाकी थोडी रिकामी झाल्यावर, एका शनिवारी मिसळणी होती. कोणतं पिंप वेगळं भरायचं आणि कोणतं मोठ्या टाकीत ओतायचं, ते त्या दिवशी ठरतं. एकदा ओतलं की संपलं. नादेजला ती तीन पिंपं वाचवायची होती. वडिलांचं तेवढंच उरलं होतं.

त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या अंगणासमोर उघडते, आणि आंसेल्मला हळू बोलता येत नाही.

"पेरिएर वेगळी भरू या, पप्पा," नादेज म्हणाली.

"चाखलीस का तू?"

"नाही."

"न चाखता मत कसलं देतेस?"

"मग चाखायला द्या."

"तळघरात? तू?"

"पेलाभर वर आणा."

"वर? या दिवसांत वाइन जिना चढली की दमते."

"रेजिस, तू काही बोलणार आहेस का?"

रेजिस पाव कापत होता. "पप्पांचं जिन्याबद्दलचं म्हणणं अगदीच चूक नाही," तो म्हणाला. "तुझंही बरोबर आहे."

रेजिस चांगला माणूस आहे. भांडण लागलं की तो दोन्ही बाजूंनी असतो, त्यामुळे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

 ह्युगेत पन्नास वर्षं त्या घरात होती आणि तळघराच्या दारापर्यंतच गेली होती. विचारलं तर म्हणायची, "मला काय करायचंय तिथे? थंडी असते."

पुढच्या सोमवारी स्वयंपाकघरातल्या पाटीवर नादेजने नेहमीप्रमाणे येणाऱ्या पाहुण्यांची नावं खडूने लिहिली. ‘मसिए आणि मॅडम पीरार, लिएज, बेल्जियम.’ त्याखाली, ‘मॅडम तेसिए, एक व्यक्ती, दोन रात्री, न्याहारी आणि तळघराच्या फेरीसह.’ पाटी आठवडाभर भिंतीवर होती. रेजिस तिच्यासमोर रोज पाव कापत होता. आंसेल्मने ती दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, "ही तेसिए बाई वाइन घेते ना? मागच्यासारखी नुसतं पाणी पिणारी नको." चौदा वर्षांपूर्वी त्याच नावाची एक मुलगी या घरात सून म्हणून आली होती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ह्युगेतने पाटी एकदाच वाचली आणि दुकानातून येताना एक जास्तीची कोंबडी आणली.

शुक्रवारी दुपारी पीरार दांपत्य आलं. ते निवृत्त दंतवैद्य, त्या भूगोलाच्या शिक्षिका. आंसेल्म बेरे घालून फाटकाशी उभा होता, त्याने त्यांना आत आणलं, बसवलं, पेले भरले. मी मान डोलवायला हजर होतोच. एवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

"रेजिस, बघ, त्या तेसिए बाई आल्या वाटतं," आंसेल्म म्हणाला आणि बेरे सारखी केली.

रेजिसने दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. दारात नादेज होती. निळा कोट, ओठांना लाली, हातात सूटकेस. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून ती पुढे आली होती. त्या घरात पुढच्या दाराने येणं हा पाहुण्यांचा मान.

"नमस्कार. मी मॅडम तेसिए. खोली राखून ठेवलीय. पैसे पर्यटन कचेरीत भरलेत."

आंसेल्मचं तोंड उघडलं. पण गाबोरियोंच्या घरात एक नियम कधी मोडला गेला नव्हता. पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही. भांडणं, रडणं, दारं आपटणं हे सगळं रविवारी दुपारी, शेवटची गाडी वळणाआड गेल्यावर. आणि पाहुण्या मॅडम पीरार तर हसत हसत उठल्याच होत्या.

"या ना, या! काय सुरेख जागा आहे नाही? आम्हीही आत्ताच आलो."

"हो ना," नादेज भिंती न्याहाळत म्हणाली. "फोटोतल्यापेक्षा मोठी वाटते."

"या... मॅडम," आंसेल्म म्हणाला. त्या एका शब्दाने त्याच्या घशातून वर यायला जितका वेळ घेतला, तितका वेळ तो वर्षाची पहिली बाटली उघडायलाही घेत नाही. "बसा. प्रवास... बरा झाला?"

"वळणं फार. सामान कोणी वर नेईल का?"

रेजिसने सूटकेस उचलली. जिन्यावरचं बोलणं मला ऐकू आलं.

"नादेज, हे काय चाललंय?"

"माझी खोली कोणती?"

"तुला माहीत नाही?"

"मी पहिल्यांदाच येतेय, मसिए."

मी ह्युगेतकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ॲप्रन बांधून उभी होती. शुक्रवारचा स्वयंपाक सुनेचा, पण आज पांढरा ॲस्परॅगस सोलून, धुऊन ताटात मांडलेला होता. एवढा सोलायला दुपार लागते.

पाहुण्यांच्या पंगतीचा आमच्याकडे नियम आहे की यजमानांनी त्याच टेबलाशी बसून तेच जेवायचं. सरकारने हा नियम कशासाठी केला मला ठाऊक नाही, पण त्या रात्री त्याचं सार्थक झालं. एका टोकाला आंसेल्म, दुसऱ्या टोकाला नादेज, मध्ये आम्ही. रेजिस वाढत होता. त्याला पाव कापायची सुरी सापडली, मीठ सापडलं नाही.

"हा जॅम कोण करतं?" मॅडम पीरारनी फळीवरच्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. "आमच्या मैत्रिणीने मुद्दाम आणायला सांगितलाय."

"सून," आंसेल्म म्हणाला.

"अरे वा! कुठे आहे ती?"

"बाहेरगावी गेलीय."

"अरेरे," नादेज म्हणाली. "भेटायला आवडलं असतं. कशी आहे हो तुमची सून?"

रेजिसच्या हातातून वाढायचा चमचा रश्श्यात पडला. आंसेल्मने तोंड पुसलं. समोर दोन बेल्जियन त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"कामाची आहे," तो म्हणाला.

"आणखी?"

"पहाटे उठते. पाहुण्यांचं सगळं बघते. जरा मतं फार आहेत."

"कशाबद्दल?"

"वाइनबद्दल."

"तिला कळतं का वाइनमधलं?" मसिए पीरारनी विचारलं.

 आंसेल्म आडमुठा आहे, पण वाइनबद्दल खोटं बोलताना त्याला त्रास होतो. "तिच्या बापाला कळायचं," तो म्हणाला. "कोंबडी घ्या."

"नशीबवान आहे ती मुलगी," मॅडम पीरार म्हणाल्या. "अशा घरात राहायला मिळतं."

"हो ना," नादेज म्हणाली. "मी दोन रात्रींचे पैसे भरलेत, आणि ती बघा, फुकट राहते."

मी मान डोलावली. सवयच आहे.

सकाळच्या न्याहारीचं मला मसिए पीरारनी सांगितलं. कॉफी म्हणून काहीतरी आलं. लोणी मागून मिळालं. पाव आदल्या दिवशीचा होता, कारण बेकरीत जायचं असतं हे रेजिसला माहीत होतं पण किती वाजता ते माहीत नव्हतं. मॅडम तेसिए मात्र फार समजूतदार पाहुणी निघाल्या. कुरकुर केली नाही. एवढंच म्हणाल्या की पलंग करकरतो, दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागत नाही, आणि न्हाणीतलं पाणी एकदा पोळतं नि एकदा गोठवतं. "हे इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. रेजिस म्हणाला, सांगितलं होतं. सूनबाईंनी. दरवर्षी.

न्याहारीनंतर तळघराची फेरी, तिथेही मान डोलवायला मी होतो. आंसेल्मने मेणबत्ती लावली. दारात नादेज क्षणभर थांबली. आतून येणारा ओल्या दगडाचा, जुन्या लाकडाचा वास तिला नवा नव्हता. वडिलांच्या तळघरात ती लहानाची मोठी झाली होती. गाबोरियोंच्या तळघराचं दार मात्र तिने आजवर फक्त बाहेरून पुसलं होतं. तिने आत पाऊल टाकलं. आंसेल्मने जवळच्या पिंपाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ता फुटणार. काही झालं नाही. छतावरून एक थेंब पडला, तो रोजच पडतो.

आंसेल्मचं फेरीतलं बोलणं ठरलेलं असतं. आधी कड्याचा दगड, मग त्यावरची काळी बुरशी, मग आजोबा. आजोबांपाशी आला की तो नेहमी एक गमतीची गोष्ट सांगे, आणि त्या दिवशीही तोंडातून ती सुटून गेलीच.

"पूर्वीची माणसं अडाणी हो. घरच्या बायकांना इथे येऊ द्यायची नाहीत. म्हणे वाइन आंबते!"

पीरार दांपत्य मनापासून हसलं.

"मग ही पद्धत बंद कधी झाली?" नादेजने विचारलं.

आंसेल्मने मेणबत्ती पुढच्या पिंपाकडे वळवली. 

"झाली," तो म्हणाला. "चला, पुढे चला."

दाराजवळ तीन पिंपं आहेत. ती दाखवायची. आंसेल्म काचेच्या लांब नळीने त्यांतून थोडी थोडी वाइन काढतो, पाहुण्यांच्या पेल्यात सोडतो आणि विचारतो, "यातली कोणती एकटी भरू?" पाहुणा कोणत्याही पिंपाकडे बोट दाखवो, आंसेल्म मागे सरकतो आणि म्हणतो, "काय जीभ आहे तुमची!" मग तो पाहुण्याच्या हातात खडू देतो. "लिहा नाव. या तळघरात पाहुण्याने ज्या पिंपावर नाव लिहिलं, ते पिंप आम्ही कशात मिसळत नाही. गाबोरियोंचा शब्द आहे." पाहुण्याचे डोळे पाणावतात, आणि निघताना तो एक खोका जास्त घेतो. सोमवारी रेजिस ओलं फडकं घेऊन खाली जातो आणि पुढच्या पाहुण्यांसाठी पिंपं पुसून ठेवतो.

मसिए पीरारनी मधल्या पिंपावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. मग खडू नादेजकडे आला.

"ती टोकाची पिंपं कसली?" तिने विचारलं.

"ती अजून तयार नाहीत."

"तयार नाहीत?" मसिए पीरार म्हणाले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलेला माणूस, बंद गोष्ट त्यांना बघवत नाही. "मग तर ती आधी चाखायला हवीत!"

आणि ते चालायला लागले. पैसे भरलेल्या पाहुण्याला कसं थांबवायचं हे आंसेल्मच्या आजोबांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. तो मागोमाग गेला.

त्याने नळी बुडवली, पाच पेल्यांत घोट घोट सोडला. मला सगळ्यात कमी. वाइन कोरी करकरीत होती. आधी तुसडी, ओळख न दाखवणारी. मग सावकाश रास्पबेरीचा वास उघडला, आणि शेवटी जिभेवर ते दगड राहिले, उन्हाने तापून संध्याकाळी निवालेले. मी जाणकार नाही, पण असं पूर्वी कुठे प्यायलो होतो ते मला आठवलं. म्हाताऱ्या तेसिएच्या ओट्यावर.

तळघरात चाखायचं आणि थुंकायचं, अशी रीत. आम्ही तिघे थुंकलो. नादेज थुंकली नाही. 

आंसेल्मने आपला पेला नाकाशी नेला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तो आंबट वास शोधत होता हे मला कळलं. तो असता तर त्याचा केवढा मोठा प्रश्न सुटला असता. पण सांगितलं तसं, वाइनबद्दल त्याला खोटं बोलता येत नाही.

"आंबलेली नाही ना?" नादेजने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग ही एकटी भरा. मोठ्या टाकीत हरवून जाईल."

"काय जीभ आहे तुमची!" हे आंसेल्म नाही, मसिए पीरार म्हणाले. एका फेरीत त्यांनी ते वाक्य पाठ केलं होतं. "लिहा, मॅडम, लिहा नाव!"

नादेजने तिन्ही पिंपांवर लिहिलं. तेसिए. तेसिए. तेसिए. तिच्या वडिलांचा ‘टी’ थोडा डावीकडे झुकायचा, तिचाही झुकतो.

वर येताना मॅडम पीरारनी विचारलं, "मिसळणी आजच आहे ना? आम्ही बघितली तर चालेल?"

चालणार नाही असं म्हणणं बेरे घातलेल्या माणसाला शक्य नव्हतं. दुपारच्या कॉफीनंतर, असं ठरलं.

म्हणजे आंसेल्मकडे कॉफीपर्यंतचा वेळ होता. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पाहुणीचं नाव असलेलं पिंप टाकीत ओतता येणार नाही. पण नाव नसलेलं पिंप ओतता येतं. आम्ही अंगणात पाव, रियेत म्हणजे शिजवून कुस्करलेलं डुकराचं मांस, आणि शेळीचं चीज खात बसलो होतो. पीरार त्या चीजच्या पोटात आमच्याकडे घालतात ती गवताची काडी ओढून काढत होते. आंसेल्म रेजिसला बाजूला घेऊन कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे माझ्यापर्यंत सहज.

"खाली जा. ती तिन्ही पुसून टाक."

"पण तुम्ही तर शब्द..."

"तो पाहुण्यांसाठी आहे. ही पाहुणी आहे का?"

"पैसे तर भरलेत तिने."

"रेजिस!"

रेजिस स्वयंपाकघरात गेला. खण उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले. मग तो बाहेर आला आणि सवयीने बायकोसमोर उभा राहिला.

"फडकी कुठे असतात?"

नादेज चीज खात होती. "मला कसं माहीत असणार, मसिए? मी इथे नवीन आहे."

"यजमानीणबाईंना विचारा ना," मॅडम पीरारनी मदत केली.

ह्युगेत कॉफीचं भांडं घेऊन दारात आली होती. तिच्या ॲप्रनच्या खिशातून एक निळं फडकं अर्धं बाहेर लोंबत होतं.

"आई, फडकी कुठेयत?"

"धुवायला टाकलीत."

"सगळी?"

"सगळी," ह्युगेत म्हणाली. खिशातलं फडकं काढून तिने भांड्याचा गरम कान धरला आणि कॉफी ओतायला सुरुवात केली. आंसेल्म तिच्याकडे बघत राहिला. पन्नास वर्षांत त्याने तिच्याकडे इतका वेळ सलग पाहिल्याचं मला आठवत नाही.

"ओतू?" तिने त्याला विचारलं.

"ओत," तो म्हणाला.

रेजिस खाली गेला. खडूचं नाव पुसायला फडकं लागत नाही. तळहात पुरतो, बाही पुरते. हे आंसेल्मला माहीत होतं, रेजिसला माहीत होतं, कॉफीत साखर ढवळणाऱ्या नादेजलाही माहीत होतं. तिचा चमचा थांबला होता. थोड्या वेळाने रेजिस वर आला. त्याने दोन्ही हात पुढे धरले होते, चोरी न केलेल्या माणसासारखे. कुठेही पांढरं नव्हतं.

"फडकं मिळालं नाही," तो म्हणाला.

रेजिसने आयुष्यात घेतलेली ही एकमेव बाजू. ती घेताना तो घामाने भिजला होता, आणि लगेच त्याने विचारलं, पंप लावू का.

पंप लागला. पीरार दांपत्याने पुष्कळ फोटो काढले. एकामागून एक पिंपं टाकीत रिकामी झाली. टोकाच्या तिघांपाशी पंपाची नळी पोचली तेव्हा आंसेल्म थांबला, त्याने मॅडम पीरारकडे पाहिलं, खांद्यांवरचं न दिसणारं काहीतरी झटकलं आणि म्हणाला, "ही नाही. ही आमच्या पाहुणीची."

"शब्दाचा पक्का माणूस!" मसिए पीरार मला म्हणाले. "असे लोक आता उरले नाहीत."

मी मान डोलावली.

रविवारी दुपारी मॅडम तेसिए निघाल्या. सगळ्यांशी गालाला गाल लावले, आंसेल्मशीसुद्धा. सूटकेस घेऊन फाटकाबाहेर गेल्या, घराला वळसा घातला आणि मागच्या दाराने नादेज आत आली. कोट खुंटीला, ॲप्रन अंगावर.

"आलीस का?" ह्युगेत म्हणाली. "कसा झाला प्रवास?"

"छान. जेवण उत्तम होतं. रेजिस, तो पलंग करकरतो."

मी खिडकीशी थांबून राहिलो. शेवटची गाडी वळणाआड गेली होती, म्हणजे आता भांडणाला मोकळीक होती. आंसेल्म स्वयंपाकघरात आला, बेरे काढली, ट्रॅक्टरवाली टोपी घातली आणि म्हणाला, "त्या वाइनला अजून वर्ष लागेल."

"दीड," नादेज म्हणाली.

"दीड," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

पेरिएर दीड वर्षाने बाटलीत आली. बाटलीवर ‘तेसिए’ आहे. आंसेल्म आता फेरीत ती टोकाची पिंपंही दाखवतो. "एका जुन्या पाहुणीची आहेत," तो सांगतो. "फार चोखंदळ बाई." लोकांना ही गोष्ट आवडते, खोके खपतात.

नियम बदलला असं कोणी समजू नये. आजोबांचा शब्द जागेवर आहे. घरच्या बाईला तळघरात अजूनही प्रवेश नाही. त्यामुळे दर एप्रिलात पाटीवर मॅडम तेसिएंचं नाव येतं, त्या पैसे भरून, पुढच्या दाराने येतात, वाइन चाखतात, काय मिसळायचं नि काय नाही ते सांगून जातात. पलंग आता करकरत नाही. पाण्याचं अजून बघतो आहोत, असं रेजिस म्हणतो.

या सोमवारी पाटी लिहिली गेली तेव्हा मी अंडी द्यायला गेलो होतो. ‘मॅडम तेसिए आणि मॅडम गिबेर. दोन व्यक्ती. न्याहारी आणि तळघराच्या फेरीसह.’ आंसेल्मने ती नेहमीप्रमाणे दोनदा वाचली.

"ही गिबेर कोण?" त्याने बायकोला विचारलं. "वाइन घेते ना?"

ह्युगेत गिबेर, लग्नानंतर गाबोरियो, ॲस्परॅगस सोलत होती.

"घेईल," ती म्हणाली. "अजून चाखायची आहे तिला."

रेजिसने पाटीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, हातातली पावाची सुरी खाली ठेवली आणि कॉफीचा डबा शोधायला लागला.